सण, शाळा व मुलांचे हात

(प्राथमिक शाळांतील शिक्षक व खेड्यांतील उपदेशक यांच्याकरिता पाठ)

आपल्या मंडळ्यांतील जे बंधुभगिनी खेड्यांच्या प्राथमिक शाळांत शिकवितात, अथवा रविवारी दुपारी मंडळीतील व शेजारपाजारची मुले जमवून वर्ग चालवितात, त्यांच्यापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. सण जवळ आला म्हणजे मुलांचे चित्त पुस्तकावरून उडते. कोणाच्या घरी पुरण शिजणार असते, कोणाच्या दारी कंदील लागणार असतो, कोणाचा मामा मुंबईहून येणार असतो. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? कित्येक जण वर्गात सणाचे नावच काढीत नाहीत. फळ्यावर सुटीची तारीख लिहितात आणि पुढचा पाढा घेतात. दुसरे कित्येक उत्साहाच्या भरात सगळ्या वर्गास रांगेत उभे करून आरती म्हणवितात, किंवा नाताळच्या दिवसांत हिंदु-मुसलमान मुलांसही प्रार्थनेकरिता गुडघे टेकावयास लावितात. पहिल्या रीतीने मुलाचे घर शाळेच्या बाहेर राहते. दुसऱ्या रीतीने कोणाच्या तरी घराचा मान जातो.

ह्या दुसऱ्या रीतीविषयी भारताच्या राज्यघटनेने स्पष्ट निर्णय दिलेला आहे, आणि तो प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावा. अनुच्छेद २८ प्रमाणे, जी शिक्षणसंस्था सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तीत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि जी सरकारमान्य आहे किंवा सरकारी मदत घेते, तीत पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही मुलास धर्मशिक्षणास अथवा उपासनेस बसविता येत नाही. आपले लेकरू आरतीच्या रांगेत जबरीने उभे केलेले आपणांस खपत नाही. तर शेजाऱ्याचे लेकरू आपल्या प्रार्थनेत जबरीने बसविलेले त्यास कसे खपावे? हे उपदेशक बंधूंनी विशेषेकरून ध्यानात घ्यावे. हस्तकामाच्या तासास आलेले मूल काम करावयास आलेले असते. त्याला उपदेश ऐकविण्याची ती संधी समजू नये.

मग वर्गात राहते काय? प्रत्येक सणात तीन गोष्टी असतात: सणाची हकीकत, सणासाठी हातांनी करावयाचे काम, आणि सणाची उपासना. उपासना घराची व मंडळीची आहे, ती तेथेच असू द्यावी. हकीकत आणि हस्तकाम ही दोन शाळेने मोकळ्या मनाने घ्यावीत. ह्या दोहोंत इतके शिक्षण भरलेले आहे की ते एका वर्षात संपत नाही. वडूज आणि खटाव तालुक्यातील गावे डोळ्यांपुढे ठेवून येथे काही लिहितो. इतर ठिकाणच्या शिक्षकांनी आपल्या गावच्या सणांप्रमाणे फेरफार करून घ्यावा.

आपल्या ह्या भागात पाऊस ओढ देतो, पण मुलांच्या हस्तकामास लागणारे सामान देताना ही भूमी कृपण नाही. येरळेच्या काठी पोयटा आहे, रानात काळी माती आहे, सुगीनंतर दारोदार कडब्याच्या गंजी आहेत, बांधावर घायपात आहे, धनगरवाड्यावर लोकर आहे. शहरातील शाळा चकचकीत कागद आणि तयार चिकटपट्ट्या विकत आणते, म्हणून खेड्यातील शिक्षकाने मन खट्टू करू नये. विकत आणलेल्या सामानाने मूल फार तर चिकटविणे शिकते. मातीशी झगडून ते माती शिकते.

शाळा उघडल्यावर पहिला मोठा सण बेंदूर. पाठ्यपुस्तकांत बहुधा पोळा असतो. विदर्भात, खानदेशात व मराठवाड्यात तो श्रावणी अमावास्येस होतो, आणि नागपूरकडे दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करितात. सातारा, सांगली व कोल्हापूर ह्या बाजूस बैलांचा सण म्हणजे बेंदूर. आपल्याकडे तो आषाढात पौर्णिमेच्या सुमारास येतो, आणि कर्नाटकी बेंदूर त्याच्या आधी ज्येष्ठात होतो. पुस्तकात पोळा आहे म्हणून आपला बेंदूर खोटा नव्हे, हे मुलांस आधी सांगावे. आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे हळद व लोणी लावून मळितात. सणाच्या दिवशी त्यांस धुऊन शिंगे रंगवितात, बेगड लावितात, झूल घालितात, पुरणपोळी चारितात, आणि सायंकाळी वाजतगाजत मिरवून कर तोडितात. हे सर्व मुलांकडूनच वदवून घ्यावे. ज्याच्या घरी बैल आहे तो सांगेल. हल्ली ट्रॅक्टरामुळे पुष्कळ घरी बैल उरले नाहीत, तेथे आजोबांस विचारून ये म्हणून सांगावे.

मग मातीचे बैल करावयास घ्यावेत. निव्वळ काळी माती घेतली तर बैल सुकताना तडकतो, कारण ही माती ओली असता फुगते आणि वाळता वाळता आकसते. तीत निम्मा पोयटा, मूठभर बारीक वाळू आणि थोडे वाळके शेण किंवा घोड्याची लीद मिसळून मळावे. त्यातील गवताचे तंतू मातीस धरून ठेवितात. पाय वेगळे करून चिकटवू नयेत, कारण चिकटविलेला पाय दुसऱ्या दिवशी हमखास गळून पडतो. एकाच गोळ्यातून चार पाय ओढून काढावेत, ते आखूड व जाड ठेवावेत. शिंगांस बाभळीचे दोन काटे चांगले शोभतात. बैल उन्हात ठेवू नये. सावलीत तीन-चार दिवस वाळवावा. इतके केल्यावर काही बैल तडकतीलच. तडकलेला बैल फेकून न देता मुलांस विचारावे की हा का तडकला आणि तो का नाही. विज्ञानाचा पाठ येथेच सुरू होतो.

आणि एक गोष्ट. वर्गात अशी मुले असतात की ज्यांच्या घरी बैल कधीच नव्हता, कारण शेतच नव्हते. त्यांची आईबापे दुसऱ्याच्या बैलांची झूल पाहात मोठी झाली. अशा मुलाने केलेला बैल घरी न्यावयाची त्यास आवर्जून परवानगी द्यावी.

आता ज्या विषयाकरिता मुख्यतः हा पाठ लिहावयास घेतला त्याकडे वळतो. आपल्या खेड्यांत सणाचे प्रत्येक हस्तकाम पूर्वी जातीने वाटून दिलेले होते. बेंदराचे कासरे, म्होरक्या, दावी मातंगांनी वळावीत आणि वेशीस तोरण त्यांनीच बांधावे. मातीचे बैल कुंभाराने घरोघर पोचवावेत. कामट्या व सुपे-टोपल्या बुरुडाच्या. वेसकराची राखण व निरोप्याचे काम महारांचे. आणि ज्यांच्या हातांनी सण उभा राहिला त्यांच्याच बायकामुलांनी सणाच्या शेवटी दाराबाहेर उभे राहून पोळीचा तुकडा पदरात घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. महारकीची वतने मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. अस्पृश्यता घटनेच्या अनुच्छेद १७ ने त्यापूर्वीच बंद झाली. परंतु कायद्याने वतन जाते, टोमणा जात नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ह्याच समाजांतून आलेली आहेत, म्हणून हे सांगण्याची कोणास विशेष गरज नाही.

असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मातीचे बैल वाळले आहेत, आता त्यांस दोरीच्या बारीक म्होरक्या पाहिजेत. शिक्षक सद्‌हेतूने वर्गाकडे पाहून म्हणतो, "दोरी वळणे कोणास येते?" पाठीमागच्या बाकावरील एका मुलाकडे सगळ्यांच्या माना वळतात. त्याचा आजा दोर वळीत असे, हे सगळ्या गावास ठाऊक आहे. मूल खाली मान घालते. शिक्षकास वाटते की आपण ह्याच्या घरच्या कलेचा मान करीत आहोत, म्हणून तो आग्रह करितो, "ये, तू सर्वांस दाखीव." ते मूल उठते, वळून दाखविते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेस येत नाही.

शिक्षकाचे चुकले कोठे? हेतू वाईट नव्हता. पण ज्या कामाच्या नावाने त्या मुलास बाहेर टोमणे ऐकावे लागतात, तेच काम त्याने त्याच्या माथी पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी शाळेच्या शिक्क्यानिशी, मारले. ह्यास माझ्या मते एकच उपाय आहे, आणि तो थोडा कष्टाचा आहे. आदल्या रात्री शिक्षकाने स्वतः दोरी वळावयास शिकावे. मग वर्गात सर्वांत आधी स्वतःच्या हातांनी ती वळावी, आणि नंतर पाटलाच्या मुलापासून सर्वांच्या हातांत वाख द्यावा. ते मूल आपण होऊन म्हणाले, "गुरुजी, असा पीळ सुटतो, असा द्या," तर आनंदाने त्याचे ऐकावे व वर्गासमोर आपली चूक कबूल करावी. परंतु त्यास आपण होऊन पुढे ओढू नये. कुंभाराच्या मुलीस माती, धनगराच्या मुलास लोकर, चर्मकाराच्या मुलास चामड्याची पट्टी, असे वाटप कधीही करू नये. उलट वाटप करावे.

दोरी वळण्याची रीत अशी. वाख विकत मिळतो; मुलांकडून ओला घायपात कुटवू नये, त्याच्या रसाने हातास खाज सुटते. वाख नसल्यास जुन्या लुगड्याच्या चिंध्या चालतात. दोन पदर घ्यावेत. दोन्ही पदरांस एकाच बाजूने, समजा उजवीकडे, चांगला पीळ द्यावा. मग ते दोन पदर एकमेकांवर डावीकडे गुंडाळीत जावे. पदरांचा पीळ एकीकडे सुटू पाहतो, दोरीचा दुसरीकडे. दोघे एकमेकांस अडवितात, आणि म्हणून दोरी उलगडत नाही. दोन मुलांनी दोन टोके धरावीत, तिसऱ्याने मध्ये बोट ठेवून पीळ पुढे सरकवावा. तीन मुले मिळाल्यावाचून चांगला लांब दोर होत नाही. ही तीन मुले तीन घरांची असावीत अशी योजना शिक्षकाने गुपचूप करावी, तिचा गाजावाजा करू नये.

ही काळजी फाजील आहे असे कोणास वाटेल, तर त्याने ह्याच तालुक्याच्या वाटेवर घडलेली एक हकीकत आठवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. वर्गात त्यांस वेगळे, तरटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे, एरवी तहानेले राहावे. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत ते भावंडांसह वडिलांस भेटावयास निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, खजिनदार होते. मुलांनी नवे कपडे केले होते, कलाबुतीच्या टोप्या घेतल्या होते तितक्याच हौसेने त्या घातल्या होत्या. मसूर स्टेशनावर उतरल्यावर त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांस नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर, एक गाडी मिळाली. आणि रात्रभर त्या लेकरांस कोणी घोटभर पाणी दिले नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. सुटीचा आनंद घेऊन निघालेल्या मुलांस ह्या मुलखाने असे वागविले. म्हणून हस्तकामाच्या तासास आपली सर्व मुले एकाच सतरंजीवर बसतात की नाही, आणि मातीचे हात धुण्यास पाण्याची बादली एकच आहे की नाही, ह्याकडे शिक्षकाने डोळे उघडे ठेवून पाहावे.

ह्याच खटाव तालुक्यातील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जोतीरावांचे स्वतःचे शिक्षण पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, आणि अहमदनगर येथे मिस फॅरार यांनी चालविलेली अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून त्यांस १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ती मिळाली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ह्याही सातारा जिल्ह्यातील नायगावच्या. ३ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस शाळांत पाळितात. त्या दिवशी मुलींच्या भाषणांबरोबर मुलग्यांकडून वर्ग सारवून रांगोळी काढून घ्यावी. पहिल्या वर्षी हसतील, दुसऱ्या वर्षी त्यांस ठिपके मोजण्याची गोडी लागेल.

९ सप्टेंबर हा वडूजच्या मुलांचा आणखी एक दिवस आहे. १९४२ साली त्या दिवशी मामलेदार कचेरीवर तिरंगा लावण्याकरिता गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे सोबती पडले. त्या दिवशी हस्तकाम नको. हकीकत सांगावी व मुलांस त्या जागी पायी घेऊन जावे.

भाद्रपद-आश्विनात हस्त नक्षत्र लागले म्हणजे आपल्याकडे मुली हादगा खेळतात. फळ्यावर किंवा पाटावर हत्ती काढावा, भोवती फेर धरावा, आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ खेळावा. डब्यात काय आहे हे मुलांनी प्रश्न विचारून ओळखावे: गोड की तिखट, ओले की कोरडे. भाषेचा इतका सरस पाठ दुसरा क्वचितच मिळेल. ह्यात मुलग्यांनीही यावे.

दिवाळीच्या सुटीआधी किल्ला. मुले रायगड किंवा प्रतापगड करू म्हणतात. मी म्हणेन, आधी आपल्या तालुक्यातील भूषणगड किंवा वर्धनगड करा. वर्धनगड साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुलांनी तो येताजाता पाहिलेला असतो. त्याची वाट कोणत्या बाजूने चढते, दरवाजा कोठे आहे, पाण्याची टाकी कोठे, ही माहिती पाहून आलेल्या मुलांकडून मिळवावी व मग दगड, पोती व चिखल यांनी तो रचावा. वर हळीव किंवा मोहरी पेरून रोज हलकेच पाणी शिंपडावे. चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. किल्ला कोणाच्या अंगणात करावयाचा ह्यावरून भांडणे होतात, म्हणून तो शाळेच्या आवारात करावा. तेथे सर्वांचे पाय लागतात.

आकाशकंदिलास दोनच वस्तू पाहिजेत: बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद. कामट्या मोठ्या माणसाने तासून द्याव्यात, नाहीतर कूस लागते. सर्वांत सोपा कंदील बारा सारख्या कामट्यांचा. चार खाली, चार वर, चार उभ्या; कोपरे आठ. कडा किती, कोपरे किती, बाजू किती, हे मुले बांधता बांधताच शिकतात. खळ कणकेची किंवा मैद्याची रोज ताजी करावी. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची चाल आहे, ती मुलांच्या वर्गात सर्वथा टाळावी, तो विषारी आहे. कागदाच्या कंदिलात पणती ठेवू नये. लहान विजेचा दिवा सोडावा.

ह्याच कामट्या व हाच कागद घेऊन वर्गास सांगली जिल्ह्यातील कडेगावची हकीकत सांगावी. कडेगाव वडूजहून दूर नाही, मुलांचे पाहुणे तिकडे असतात. तेथील मोहरमचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. ते बांबू व दोऱ्याने अष्टकोनी मजल्यांचे बांधितात, आणि नवल असे की आधी वरचा कळस बांधून तो उचलीत त्याच्याखाली एकेक मजला जोडीत जातात. ह्या ताबुतांत हिंदूंचेही ताबूत असतात, आणि भेटीच्या वेळी सारा गाव लोटतो. परंतु येथे शिक्षकाने एक चूक टाळावी. मोहरम हा आनंदाचा सण नव्हे. इसवी सन ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन मारले गेले, त्याचा तो शोक आहे. म्हणून वर्गातील मुसलमान मुलास त्या दिवशी शुभेच्छा देऊ नयेत, व मिठाई वाटू नये. दुसऱ्याच्या सणाची माहिती नसली म्हणजे आपला चांगुलपणाही टोचतो. मुलांनी ताबुताचा एकच मजला करून पाहावा: आठ सारख्या कामट्या खाली, आठ वर, आठ उभ्या. तो एका बाजूस कलतो का, आणि कर्णावर आडवी कामटी बांधिली की ताठ का होतो, हे त्यांनीच शोधावे.

नाताळ आला म्हणजे पुन्हा त्याच कामट्या. तारा करण्याची रीत अशी: सुमारे दीड फूट लांबीच्या पाच कामट्या, पाटीवर आपण हात न उचलता तारा काढितो तशा एकीवर एक ठेवून, पाच टोके व आतील पाच छेद दोऱ्याने बांधावेत. असाच दुसरा तारा करावा. दोन्ही एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोके बांधावीत. मग आतील छेदांच्या मध्ये चार-चार बोटे लांबीचे पाच तुकडे उभे बसवावेत, म्हणजे तारा पोटातून फुगतो. वर पतंगी कागद लावावा. दिवाळीचा कंदील केलेले हिंदु मूल हा तारा आपल्या ख्रिस्ती सोबत्यापेक्षा चांगला करील, तर त्याने करावा. तो आमच्या दारी लावावयाचा असला तरी बांधणाऱ्या हातास आम्ही त्याचे मत विचारीत नाही.

गोठ्याचा देखावा करण्याची चाल फार जुनी आहे. इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस याने १२२३ साली खऱ्या बैल-गाढवांसह असा देखावा मांडिला. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांस मूर्ती म्हणून त्याची अडचण वाटते, आणि त्यांचे मन दुखवून तो मंडळीच्या वेदीपुढे मांडण्याचे कारण नाही. वर्गात तो गोष्टीचे चित्र म्हणून असू द्यावा. लूक येशूच्या जन्माच्या वृत्तांतात गव्हाण व मेंढपाळ सांगतो. तारा व मागी लोक मत्तयात आहेत, आणि ते तीनच होते असे तेथे कोठेही लिहिलेले नाही. गव्हाण म्हणजे काय हे शहरच्या मुलास चित्र दाखवून समजवावे लागते. खटावच्या मुलाने तीत वैरण टाकिलेली असते.

मेंढरे ज्वारीच्या ताटाची करावीत. ताटावरचे साल सोलले की आत पांढरा हलका भेंड निघतो. त्याचा बोटाएवढा तुकडा म्हणजे अंग, सालाच्या चार काड्या टोचल्या की पाय. ह्याच भेंडाच्या व सालाच्या बैलगाड्या व चष्मे आपण लहानपणी केले आहेत. अंगावर लोकरीचा पुंजका खळीने लावावा. लोकर आणावयास गेलेली मुले सांगतील की वाड्यावर पुरुषमाणूस थोडेच आहे. आपल्याकडील पुष्कळ धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात परमुलखी जातात व पावसाळ्याच्या सुमारास परततात. डिसेंबरच्या थंडीत ते रानात वाघर लावून, आत कळप घालून, रात्रभर जागत असतात. रानात राहून रात्री कळप राखणारे मेंढपाळ म्हणजे कोण, हे ज्याचा बाप ह्या क्षणी तेच करीत आहे त्या मुलास वेगळे समजवावे लागत नाही. त्याने हवे तर त्याविषयी वर्गास सांगावे. येथेही आग्रह नको.

वरच्या वर्गांतील मुलांकरिता ह्यातूनच एक गणिताचा पाठ निघतो. सणांच्या तारखा एका तक्त्यावर लिहून भिंतीस लावाव्यात. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबर. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरास, २०२४ साली १ नोव्हेंबरास व २०२५ साली २१ ऑक्टोबरास आले, म्हणजे दरवर्षी अकरा दिवस मागे सरले. मग २०२६ साली अधिक ज्येष्ठ महिन्यामुळे ते एकदम पुढे, ८ नोव्हेंबरास गेले. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस सुमारे ३५४, सूर्याच्या वर्षाचे ३६५. हा अकरा दिवसांचा फरक पंचांग अधिक महिना घालून भरून काढिते. मुसलमानांच्या कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून मोहरम सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ईस्टर चंद्र व सूर्य दोन्ही पाहतो: २१ मार्चच्या दिवशी अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. त्या पौर्णिमेच्या रात्री मुलांस चंद्र पाहून येण्यास सांगावे. त्याच चंद्राखाली कोणाची होळी, कोणाची हनुमान जयंती असते. कोणता सण कोणत्या वर्षी त्या पौर्णिमेस येतो, ते मुलांनी पंचांगातून काढावे.

सण झाल्यावर वस्तूंचे काय करावे, हेही आधी ठरवावे. ताऱ्याचा फाटका कागद ओल्या फडक्याने काढून सांगाडा आढ्यास टांगून ठेवावा. पुढच्या दिवाळीस तोच उपयोगी पडतो. जानेवारीत संक्रांतीच्या पतंगास उरलेल्या कामट्या बारीक तासून घ्याव्यात. मेंढरे मुलांनी घरी न्यावीत. मातीचे बैल बहुधा पहिल्या महिन्यातच मोडतात; ते पाटीत गोळा करून ठेवावेत, आणि जूनमध्ये शाळा उघडली की त्यांत येरळेचा नवा पोयटा घालून भिजत टाकावेत. बेंदरापर्यंत ती माती लोण्यासारखी मऊ होते.